३,९०,६२५, ४९५ आणि १८: दिल्लीत पूर्ण झालेली एक मोजणी

आठ लाडू पाच डब्यांत किती प्रकारे भरता येतील? या प्रश्नाला तीन उत्तरे आहेत आणि तिन्ही बरोबर आहेत. प्रत्येक लाडवावर नाव लिहिलेले असेल, तर उत्तर ३,९०,६२५. लाडू सगळे सारखे आणि नावे फक्त डब्यांवर असतील, तर ४९५. डब्यांवरचीही नावे पुसून टाकली, तर केवळ १८. लाडू तेवढेच, डबे तेवढेच. बदलते ते एवढेच की कोणत्या दोन रचना ‘वेगळ्या’ मानायच्या.

अकरावीच्या पुस्तकात क्रमचय आणि समचय, म्हणजेच रोजच्या बोलण्यातले पर्म्युटेशन-कॉम्बिनेशन, ही दोन सूत्रे म्हणून शिकवली जातात आणि विद्यार्थ्याची सारी शक्ती ‘इथे कोणते सूत्र लावायचे’ हे ओळखण्यात खर्ची पडते. विसाव्या शतकातील भौतिकशास्त्राला मात्र नेमका हाच प्रश्न निसर्गाला विचारावा लागला. पहिल्या उत्तराकडून दुसऱ्याकडे येण्याचा निर्णायक टप्पा १९२४ साली ढाक्यात पार पडला. तिसऱ्या उत्तरामागचे भौतिकशास्त्र सविस्तर मांडले गेले ते दिल्लीत. १९४६ साली दौलतसिंह कोठारी आणि त्यांचे दिल्लीतील सहकारी फकीर चंद औलक यांचा ‘सांख्यिकीय यामिकी आणि संख्यांची विभाजने’ या आशयाच्या शीर्षकाचा निबंध केंब्रिज फिलॉसॉफिकल सोसायटीच्या प्रोसिडिंग्जमध्ये प्रसिद्ध झाला. बोस यांचे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. या दिल्लीच्या निबंधाचे नाव भौतिकशास्त्राच्या पदवीधरांनीही क्वचितच ऐकलेले असते, आणि हे दुर्लक्ष अन्यायाचे आहे.

मोजणीची सुरुवात मात्र बरीच जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली पूर्ण केलेल्या ‘लीलावती’त ‘अंकपाश’ नावाचे प्रकरण आहे. (याच ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळील पाटण येथे मठ स्थापला. तेथील शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला.) अंकपाशातील दोन उदाहरणे येथे उपयोगी पडतात. पहिले असे: ४, ८, ५, ५, ५ हे अंक वापरून पाच अंकी संख्या किती होतात? पाचही अंक भिन्न असते तर ५ × ४ × ३ × २ × १ = १२० संख्या झाल्या असत्या. तीन पाचांची आपापसांत अदलाबदल ६ प्रकारे होते आणि तिने संख्या बदलत नाही. म्हणून १२० ला ६ ने भागायचे: उत्तर २०. भास्कराचार्य एवढ्यावर थांबत नाहीत. त्या वीसही संख्यांची बेरीज ११,९९,९८८ होते, हेही ते काढून दाखवतात.

दुसरे उदाहरण अधिक खोल आहे. पाच स्थानांत शून्येतर अंक असे ठेवायचे की त्यांची बेरीज १३ व्हावी. अशा संख्या किती? नियम असा की बेरजेतून एक वजा करून तेथून उतरत्या क्रमाने, स्थानांपेक्षा एक कमी इतके अंक घ्यावेत आणि त्यांना १, २, ३, ४ यांनी भागावे: १२ × ११ × १० × ९ भागिले १ × २ × ३ × ४, म्हणजे ११,८८० भागिले २४, म्हणजे ४९५. बेरीज ‘स्थानसंख्या अधिक नऊ’ यापेक्षा कमी असेल तरच हा नियम लागू होतो, ही मर्यादाही ग्रंथात सांगितली आहे. एका स्थानात नवापेक्षा मोठा अंक मावत नाही, म्हणून ती आवश्यक ठरते.

नियमाचे कारण आजच्या भाषेत चटकन सांगता येते. तेरा लाडू एका ओळीत मांडले की त्यांच्यामध्ये बारा फटी राहतात. त्यांपैकी चार फटींत काड्या उभ्या केल्या की ओळीचे पाच भाग पडतात आणि प्रत्येक भागात निदान एक लाडू येतो. बारांतून चार फटी निवडण्याचे प्रकार ४९५. आता प्रत्येक भागातून एकेक लाडू काढून घेतला, तर उरतात आठ लाडू आणि रिकामे राहण्याची मुभा असलेले पाच डबे. म्हणजे आरंभीच्या प्रश्नाचे दुसरे उत्तर हेच अंकपाशातले उत्तर आहे.

पहिले उत्तर तर तोंडी येते. नावाचा प्रत्येक लाडू पाचांपैकी कोणत्याही डब्यात जाऊ शकतो, म्हणून पाचाला पाचाने आठ जागी गुणायचे: ३,९०,६२५.

येथे हुशार विद्यार्थ्याची हमखास फसगत होते. नावे पुसायची आहेत ना, मग ३,९०,६२५ ला आठ लाडवांच्या अदलाबदलीच्या संख्येने, म्हणजे ४०,३२० ने भागले की झाले! भागाकार येतो सुमारे ९.६९, आणि लाडू भरण्याचे ९.६९ प्रकार असू शकत नाहीत. चूक भागाकारात नसून तो करण्याच्या हक्कात आहे. ४, ८, ५, ५, ५ च्या उदाहरणात प्रत्येक संख्या नेमकी सहा वेळा मोजली गेली होती, म्हणून सहाने भागणे रास्त होते. लाडवांच्या बाबतीत तसे नाही. आठही लाडू एकाच डब्यात असतील तर ती रचना नावांसकट मोजली तरी एकदाच येते. दोन, दोन, दोन, एक, एक अशी वाटणी असेल तर तीच रचना ५,०४० वेळा येते. ज्या गटांचा आकार सारखा नाही, त्यांची संख्या भागाकाराने मिळत नाही. मोजणीच्या निम्म्याहून अधिक चुकांचे मूळ एवढेच असते.

मॅक्स प्लँक यांनी डिसेंबर १९०० मध्ये उष्णतेच्या प्रारणाचे सूत्र सिद्ध करताना ऊर्जेचे सारखे तुकडे पाडून ते दोलकांमध्ये वाटले आणि ही वाटणी दुसऱ्या पद्धतीने, म्हणजे ४९५ च्या पद्धतीने मोजली. सूत्र त्यांनी समचयशास्त्रातून उचलले. तुकड्यांना नावे का नाहीत, याचा खुलासा केला नाही. ऊर्जेच्या तुकड्यांना स्वतंत्र कण मानून पहिल्या पद्धतीने मोजले, तर प्लँक यांचे सूत्र हाती येत नाही. मिळतो तो वीन यांचा नियम, जो केवळ उच्च वारंवारतेलाच जुळतो. ही विसंगती पोलंडचे नातान्सन यांनी १९११ मध्ये आणि पॉल एरेनफेस्ट यांनी बोलून दाखवली होती. वर वापरलेली काड्यांची युक्तीही एरेनफेस्ट आणि कामरलिंग ऑनेस यांनी १९१४ साली प्लँक यांचे सूत्र सोपे करून सांगण्यासाठी मांडली. विसंगती दिसत होती, पण तिचे करायचे काय ते कळत नव्हते.

सत्येंद्रनाथ बोस यांनी जून १९२४ मध्ये ढाक्याहून आइनस्टाइन यांना पाठवलेल्या छोट्या निबंधाने ती कोंडी फोडली. आइनस्टाइन यांनी त्याचे स्वतः जर्मन भाषांतर करून ते प्रसिद्ध केले. बोस यांनी वर्गात शिकवताना मोजणीत चूक केली आणि तीच बरोबर निघाली, अशी एक गोष्ट सर्रास सांगितली जाते. ती रंजक आहे, पण निबंधातील गणिताशी तिचा मेळ बसत नाही. बोस तेथे प्रकाशकणांची अदलाबदल मोजतच नाहीत. ते मोजतात खणांची. किती खण रिकामे, कितींत एक कण, कितींत दोन, एवढीच माहिती घेऊन ते विचारतात की या खणांची मांडणी किती प्रकारे होईल. एकूण खणांच्या क्रमचयांना रिकाम्या खणांच्या क्रमचयांनी, एक कण असलेल्या खणांच्या क्रमचयांनी, आणि याच रीतीने पुढे, भागायचे.

हा अंकपाशातील पहिला नियमच आहे! पाच खणांत अनुक्रमे ४, ८, ५, ५, ५ कण असतील, तर बोस यांच्या रीतीने मांडण्या येतात २०. खण म्हणजे स्थान, कणांची संख्या म्हणजे त्या स्थानावरचा अंक. बोस यांनी हे ‘लीलावती’तून घेतले, असा याचा अर्थ मुळीच नाही. तो नियम तोवर जगभरच्या पाठ्यपुस्तकांत होता. बोस यांचे कर्तृत्व नियमात नसून तो कशाला लावायचा हे ठरवण्यात होते. नावे कणांना नाहीत, खणांना आहेत, असे ठरवताच प्लँक यांचे सूत्र सरळ बाहेर पडले. आपण काही नवे केले आहे याची तेव्हा कल्पना नव्हती, असे बोस यांनी उतारवयात सांगितले. ते पटण्यासारखे आहे, कारण कागदावर ती नित्याची मोजणीच दिसते.

फेर्मी आणि डिरॅक यांनी १९२६ साली आणखी एक बंधन आणले: एका खणात एकापेक्षा अधिक कण नाहीत. दोन कण आणि पाच खण घेतले तर तिन्ही पद्धतींतला फरक डोळ्यांसमोर येतो. नावाचे कण: २५ प्रकार. बोस यांचे कण: १५. फेर्मी यांचे कण: १०, म्हणजे पाचांतून दोन निवडण्याचा साधा समचय. दोन्ही कण एकाच खणात सापडण्याची शक्यता पहिल्या पद्धतीत पाचांत एक, दुसरीत तिनांत एक, तिसरीत शून्य. बोस यांचे कण एकत्र राहू पाहतात आणि फेर्मी यांचे एकमेकांना टाळतात, असे जे म्हटले जाते त्यामागे कोणतेही ओढणारे वा ढकलणारे बल नाही. फक्त ही मोजणी आहे.

उदयपूरला १९०६ साली जन्मलेले कोठारी या दोन्ही मोजण्यांच्या वारशात वाढले. अलाहाबादेत ते मेघनाद साहा यांचे विद्यार्थी होते, आणि साहा व बोस हे कलकत्त्याचे सहाध्यायी. आइनस्टाइन यांचे सापेक्षतेवरील निबंध त्या दोघांनी मिळून इंग्रजीत आणले होते. पुढे केंब्रिजला कोठारींनी राल्फ फाउलर यांच्याकडे काम केले. फेर्मी-डिरॅक मोजणी श्वेत बटू ताऱ्यांना प्रथम लावली ती याच फाउलर यांनी, १९२६ मध्ये. १९३४ साली कोठारी दिल्ली विद्यापीठात रुजू झाले. जुन्या व्हाइसरीगल लॉजमध्ये विद्यापीठाचे बस्तान बसून तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. औलक यांची ओढ मात्र संख्याशास्त्राकडेही होती. सरवदमन चौला आणि हंसराज गुप्ता यांच्यासह त्यांनी १९४२ साली विभाजनांवर एक निबंध लिहिला होता.

विभाजन म्हणजे धन पूर्णांकाची, क्रम न पाहता, धन पूर्णांकांच्या बेरजेत फोड. पाचाची विभाजने सात: ५, ४+१, ३+२, ३+१+१, २+२+१, २+१+१+१ आणि १+१+१+१+१. आरंभीच्या प्रश्नाचे तिसरे उत्तर याच जातीचे आहे. डब्यांवरची नावे गेली की ‘पहिल्यात चार, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात एक’ आणि ‘पहिल्यात एक, चौथ्यात चार, पाचव्यात तीन’ यांत भेद उरत नाही. उरते फक्त ४+३+१. आठाची एकूण विभाजने २२. त्यांतील पाचांहून अधिक भागांची चार वगळली की १८ राहतात. येथेही ४९५ ला १२० ने भागण्याचा मोह निष्फळ ठरतो, कारण उत्तर ४.१२५ येते. गट पुन्हा असमान आहेत: ८ ही वाटणी नावाच्या डब्यांत ५ प्रकारे बसते, तर ४+३+१ ही ६० प्रकारे.

भागाकार हातातून गेला की सूत्रही जाते. समचयासारखे दोन ओळींचे सूत्र विभाजनांना नाही. संख्याही फार वेगाने वाढते: शंभराची विभाजने १९,०५,६९,२९२. हार्डी आणि रामानुजन यांनी १९१८ साली तिच्या वाढीचा नियम सिद्ध केला. पर्सी मॅकमहॉन यांनी दोनशेपर्यंतची विभाजने हाताने मोजून दिली होती. दोनशेची येतात ३९,७२,९९,९०,२९,३८८. सूत्राची पहिली आठ पदे घेतली असता येणारा आकडा या संख्येपासून एका एककाच्या शंभराव्या भागानेही ढळत नाही. १९३७ मध्ये नील्स बोर आणि काल्कर यांनी जड अणुकेंद्रकाच्या ऊर्जापातळ्या किती दाट असाव्यात याचा अंदाज बांधताना हे सूत्र वापरले. औलक-कोठारींनी आपल्या निबंधात त्याचा आदराने उल्लेख केला आहे. त्यांना ठाऊक असलेला तो पहिला भौतिक उपयोग होता.

दिल्लीच्या निबंधाने दिशा उलटी केली. बोर यांनी संख्याशास्त्रातून सूत्र घेऊन भौतिकशास्त्रात वापरले होते. औलक-कोठारींनी भौतिक प्रणाली अशी निवडली की तिच्या अवस्था मोजणे म्हणजेच विभाजने मोजणे ठरावे, आणि मग संख्यांविषयी उष्मागतिकीला विचारले. ती प्रणाली म्हणजे एकसारख्या सरल आवर्ती दोलकांचा समूह. स्प्रिंगला टांगलेल्या वजनासारखा हा दोलक पुंजयामिकीत ऊर्जा सारख्याच तुकड्यांत घेतो. दोलकांना नावे नाहीत. एकूण ‘न’ तुकडे त्यांच्यात वाटायचे असतील तर अवस्था तितक्याच, जितकी ‘न’ची विभाजने. लाडू ऊर्जेचे, डबे दोलकांचे आणि नाव कोणावरच नाही.

अवस्थांच्या संख्येचा लॉगॅरिदम म्हणजे एन्ट्रॉपी. म्हणून विभाजने मोजण्याऐवजी एन्ट्रॉपी काढावी, आणि ती काढायला तापमान मदतीला येते. ऊर्जेचा एक तुकडा हे एकक धरले, तर अशा समूहाची ऊर्जा तापमानाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. कारण समजायला सोपे आहे. तापमान वाढले की अधिक मोठे भाग वापरात येतात आणि वापरातल्या प्रत्येक आकाराचा एकूण बेरजेतला वाटाही वाढतो. दोन्ही वाढी तापमानाच्या प्रमाणात, म्हणून त्यांचा गुणाकार वर्गाच्या प्रमाणात. म्हणजे तापमान ‘न’च्या वर्गमुळाप्रमाणे चालते, आणि या समूहाची एन्ट्रॉपी तापमानाच्या प्रमाणात असल्यामुळे तीही. हिशेब पूर्ण केला की एन्ट्रॉपी येते π × √(२न ÷ ३). हार्डी-रामानुजन सूत्राच्या घातांकात नेमकी हीच राशी आहे. ऊर्जेतील चढउतारांचा विचार केला की छेदातील ४ × न × √३ हा भागही मिळतो. शंभरासाठी या साध्या रूपातून सुमारे १९ कोटी ९३ लाख हे उत्तर येते. खऱ्या आकड्यापेक्षा ते पाच टक्क्यांहून कमीच अधिक आहे.

गणितज्ञ याला सिद्धता म्हणणार नाही आणि त्याचे म्हणणे योग्य आहे. हार्डी-रामानुजन यांच्या मांडणीतील काटेकोरपणा येथे नाही. पण घातांकात वर्गमूळच का यावे, हे त्या दोघांच्या कठोर विश्लेषणातून वाचकाला जाणवत नाही. तापमानाच्या भाषेत ते एका परिच्छेदात उमगते. फेर्मी-डिरॅक जातीचे दोलक घेतले तर दोन दोलक एकाच अवस्थेत असू शकत नाहीत, म्हणजेच विभाजनातील भाग परस्परांहून भिन्न हवेत. आठासाठी अशी विभाजने सहाच उरतात: ८, ७+१, ६+२, ५+३, ५+२+१, ४+३+१. येथेही तोच हिशेब चालतो आणि वर्गमुळाखालचा दोन-तृतीयांश एक-तृतीयांश होतो. विभाजनांचे काही गुणधर्म या वाटेने प्रथमच स्पष्टपणे नजरेस आले, असे लेखकांचे मत होते.

त्यानंतर दोघांचे रस्ते फाकले. कोठारी १९४८ मध्ये संरक्षण मंत्रालयाचे वैज्ञानिक सल्लागार झाले, १९६१ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष, आणि १९६४ ते १९६६ या काळात त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या शिक्षण आयोगाचे प्रमुख. दिल्लीत त्यांचे नाव आज घेतले जाते ते यासाठी. बोसही १९५२ ते १९५८ राज्यसभेचे सदस्य म्हणून याच शहरात येत-जात असत. १९९५ साली प्रयोगशाळेत चुंबकीय सापळ्यात अतिथंड अणूंचे बोस-आइनस्टाइन संघनन साधले. तो सापळा आवर्ती दोलकासारखाच वागणारा होता. त्यामुळे त्यातील अणूंचे चढउतार मोजणाऱ्या सैद्धांतिकांना विभाजनांच्या मोजणीकडे पुन्हा वळावे लागले.

औलक मात्र विभाजनांपाशीच काही काळ रमले. १९५१ साली त्याच केंब्रिजच्या नियतकालिकात त्यांनी एक नवा प्रकार मोजला: क्रम पूर्ण पाळायचाही नाही आणि पूर्ण सोडायचाही नाही. लाडवांचे उभे ढीग एका ओळीत असे लावायचे की डावीकडून त्यांची उंची चढत किंवा तेवढीच राहत शिखरापर्यंत जावी आणि तेथून उतरत किंवा तेवढीच राहत यावी. मध्ये खळगा पडलेला चालणार नाही. २, १, २ अशी रांग बाद. १, २, २ आणि २, २, १ मात्र वेगळ्या. क्रम पूर्ण पाळला तर आठ लाडवांच्या रांगा १२८ होतात आणि क्रम सोडला तर २२. औलक यांच्या मोजणीत त्या ७९ येतात.